'व्हिव्हेशस' म्हणजे नेमकं कसं माणूस?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तारकर्लीला तुमचा होमस्टे आहे. स्वयंपाक आणि पाहुण्यांची ऊठबस तुमच्या काकी बघतात. मागच्या महिन्यात येऊन गेलेल्या एका परदेशी कुटुंबाने अभिप्रायाच्या वहीत इंग्रजीत लिहिलं, की आमच्या 'व्हिव्हेशस' यजमानीणबाईंनी रोज रात्री जेवणाचं अख्खं टेबल हसतं ठेवलं. मोबाइलवर शोधल्यावर तुम्हाला 'चैतन्यमय', 'उत्साही', 'चपळ' आणि 'चंचल' असे चार अर्थ सापडले. 'चंचल' ऐकून काकी जरा खट्टू झाल्या आणि विचारतायत, 'ह्यां बरां की वायट?' शिवाय हा शब्द आला कुठून, आणि तो तुमच्या होमस्टेच्या इंग्रजी पानावर घालावा का, हेही तुम्हाला हवं आहे.

काकींना आधी सांगा, बरां. अगदी मनापासून केलेली स्तुती आहे ती. मी रत्नागिरीत इंग्रजी शिकवते आणि जोडीला अनुवादाचं काम करते. या शब्दाबद्दल मुलं नेहमी विचारतात, आणि त्यांचाही घोटाळा बहुतेक वेळा तुमच्यासारखाच झालेला असतो. अर्थ माहीत नसतो असं नाही, चार-पाच अर्थ समोर असतात. त्यातला कोणता या जागी बसतो आणि कोणता अजिबात बसत नाही, हे कोश सांगत नाही. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

थोडं परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही सांगून टाकते. शब्द कोणी लिहिला, कोणाबद्दल लिहिला आणि त्याच्या आजूबाजूला काय आहे, यावर छटा बदलते. माणसाबद्दल वापरला तर एक अर्थ. एखाद्याच्या लिहिण्याबद्दल, डोळ्यांबद्दल किंवा नाचाबद्दल वापरला तर थोडा वेगळा. सतराव्या-अठराव्या शतकातल्या पुस्तकात भेटला तर आणखी वेगळा, त्याकडे पुढे येतेच. तुमच्या बाबतीत मात्र शंकेला जागा नाही, कारण वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाने पहिल्याचा अर्थ सांगून टाकला आहे. टेबल हसतं ठेवलं, असं त्यांनी लिहिलं. आजच्या इंग्रजीत व्हिव्हेशस माणसाचं मुख्य काम तेच.

आज हा शब्द ज्या माणसाला लावतात त्याच्यात तीन गोष्टी एकत्र असतात. चेहरा बोलका असतो, बोलण्याला ओघ असतो, आणि त्या दोन्हींमुळे समोरच्याला बरं वाटतं. तिसरी गोष्ट विसरून चालत नाही. नुसता उत्साह म्हणजे व्हिव्हेशस नव्हे. पहाटे चारला उठून एकट्याने गळ टाकायला जाणाऱ्या माणसाला इंग्रजीत एनर्जेटिक म्हणतील, व्हिव्हेशस म्हणणार नाहीत. दिवसभर राबून न थकणाऱ्या बाईलाही फक्त तेवढ्यासाठी हा शब्द लागत नाही. मी वर्गात एकच कसोटी देते. हे माणूस खोलीत एकटंच बसलेलं असताना तुम्हाला हा शब्द वापरता येईल का? एनर्जेटिक येईल, हार्डवर्किंग येईल. व्हिव्हेशस येणार नाही, कारण त्याला समोर कोणीतरी लागतं. हा माणसामाणसांतला गुण आहे. काकी पाहुण्यांना घावणे वाढता वाढता त्यांच्याशी गजाली मारायला बसतात, भाषा अर्धीमुर्धी कळत असूनही हातवारे करून गोष्ट पुरी करतात, तेव्हा त्या व्हिव्हेशस असतात. मागच्या पडवीत एकट्या नारळ खवताना त्या तितक्याच कामसू असतील, पण पाहुण्यांनी नोंद घेतली ती पहिल्या गोष्टीची.

म्हणून 'चंचल' आधी काढून टाका. मराठीत चंचल म्हणजे एका जागी न ठरणारं मन, आज एक उद्या दुसरं. लक्ष्मी चंचल, लहान मुलाचं मन चंचल. व्हिव्हेशसमध्ये अस्थिरपणाचा आरोप नाही. काही कोशांनी चेहऱ्याची आणि बोलण्याची हालचाल पकडायला गेल्यामुळे चंचल आणि चपळ हे शब्द दिले असावेत, पण मराठी वाचणाऱ्याच्या मनात त्यांनी भलतंच चित्र उभं राहतं. 'अवखळ' सुद्धा नको, तो मुलांना आणि ओढ्याला शोभतो. 'चुणचुणीत' मध्ये हुशारी येते, आणि तो शब्द मोठ्या बाईला लावला तर तिला लहान केल्यासारखं होतं. 'उत्साही' चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण वर सांगितलेली समोरच्याला बरं वाटण्याची बाजू त्यात येत नाही. 'चैतन्यमय' अर्थाने जवळ आहे, पण जेवणाच्या टेबलावर कोणी म्हणत नाही.

मला स्वतःला सगळ्यांत जवळचा वाटतो तो 'जिंदादिल'. फारसीतून आला असला तरी आता मराठीच्या घरात रुळलेला शब्द आहे. फक्त एक फरक पडतो. आपण जिंदादिल बहुतेक पुरुषांना म्हणतो, आणि इंग्रजीत व्हिव्हेशस बहुतेक स्त्रियांना म्हणतात. काकींना समजावताना 'हसऱ्या, बोलक्या आणि जिथे बसतील तिथे जीव आणणाऱ्या' असं तीन शब्दांत सांगितलंत तर ते एका शब्दापेक्षा नेमकं होईल. त्यातला 'जीव' मी मुद्दाम घातला आहे. शब्दाचं मूळ तिथेच आहे.

आता उगमाकडे वळते.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये 'व्हिव्हेरे' म्हणजे जगणे, 'व्हिव्हुस' म्हणजे जिवंत, आणि त्यावरून झालेलं विशेषण 'व्हिव्हॅक्स'. इंग्रजीने त्याला आपला नेहमीचा 'अस' हा शेवट जोडला आणि व्हिव्हेशस तयार झाला. पण लॅटिन व्हिव्हॅक्सचा अर्थ हसरा-बोलका एवढाच नव्हता. त्याचा मोठा अर्थ होता पुष्कळ जगणारा, जीव सहजासहजी न सोडणारा. रोमन कवी हरणाला हे विशेषण लावत, कारण हरीण फार जगतं अशी त्यांची समजूत होती. होरेसच्या एका कवितेत मेजवानीसाठी मागवलेल्या फुलापानांत दोन गोष्टी शेजारी येतात. लवकर न सुकणाऱ्या रानटी सेलरीला त्याने व्हिव्हॅक्स म्हटलं आहे आणि लिलीला अल्पजीवी. टिकणारं आणि कोमेजणारं अशी ती जोडी आहे.

मराठीत याला आपल्याकडे अगदी तंतोतंत शब्द आहे, 'जिवट'. कातळावर माती नसतानाही तग धरून राहणारं झाड जिवट. चार वेळा आजारी पडून पुन्हा उभं राहणारं म्हातारं माणूस जिवट. लॅटिन व्हिव्हॅक्सचा जुना अर्थ हाच. आणि व्हिव्हॅक्समधला पहिला तुकडा व जिवटमधला 'जीव' हे एकाच मुळाचे आहेत.

इथे जरा थांबून समजावते, कारण या जागी लोक दोन टोकांना जातात. एक टोक म्हणतं, ही नुसती योगायोगाची सारखेपणाची गंमत आहे. दुसरं म्हणतं, लॅटिनने हा शब्द संस्कृतातून उचलला. दोन्ही खरं नाही. संस्कृत, लॅटिन, ग्रीक, फारसी, रशियन, इंग्रजी या भाषा एका खूप जुन्या भाषेच्या फांद्या आहेत. १७८६ साली कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्सने ही कल्पना मांडली आणि पुढच्या शतकात अभ्यासकांनी तिला नियमांची बैठक दिली. त्या मूळ भाषेत 'ग' आणि 'व' एका दमात उच्चारल्यासारखा एक ध्वनी होता. संस्कृतात 'इ' सारख्या स्वराआधी त्याचा 'ज' झाला, लॅटिनमध्ये त्यातला 'ग' गळून 'व' राहिला. म्हणून आपल्याकडे जीव आणि त्यांच्याकडे व्हिव्हुस. दुसरी जोडी बघितली की नियम पटतो. संस्कृतात 'गम्' म्हणजे जाणे, लॅटिनमध्ये 'व्हेनिरे' म्हणजे येणे, इंग्रजीत 'कम'. पुन्हा तोच ध्वनी, पण पुढे 'इ' नसल्यामुळे संस्कृतात 'ग' तसाच राहिला. तेव्हा उचलाउचल कोणी केलेली नाही, चुलत घराण्यांचं नातं आहे.

या एका मुळाची माणसं तुमच्या रोजच्या बोलण्यात किती आहेत बघा. जीव, जिवंत, जिता, आजीव, चिरंजीव ही आपली बाजू. श्रावणात देवाजवळ जो जिवतीचा कागद लावतो आणि मुलांच्या आयुष्यासाठी जिवतीची पूजा करतो, ती जिवतीही त्यातलीच. फारसीतून आलेले जिंदा, जिंदगी आणि म्हणून जिंदादिल. ग्रीकमधून आलेला बायॉलॉजीमधला 'बायो'. लॅटिनमधून सर्व्हाइव्ह, रिव्हाइव्ह, व्हिव्हिड, आणि व्हिटॅमिनमधला 'व्हिटा', जो १९१२ साली कासिमिर फुंकने जीवनावश्यक या अर्थाने त्या नावात घातला. कॉलेजात तोंडी परीक्षेला मुलं 'व्हायवा' म्हणतात, ते 'व्हिव्हा व्होचे' या लॅटिन शब्दजोडीचं अर्धं रूप आहे. त्याचा शब्दशः अर्थ जित्या आवाजाने, म्हणजे कागदावर न लिहिता तोंडाने. इंग्रजीचा स्वतःचा जुना शब्द 'क्विक' हाही याच मुळाचा. आज तो झटपट या अर्थाने वापरतात, पण पूर्वी त्याचा अर्थ जिवंत असा होता. नखाखालच्या हळव्या मांसाला इंग्रजीत अजून क्विक म्हणतात. आपण तिला जिव्हाळी म्हणतो, आणि बोलणं जिव्हारी लागतं तेव्हा इंग्रजही 'क्विकपर्यंत कापलं' असंच म्हणतात. दोन्ही भाषांनी एकच प्रतिमा त्याच मुळाच्या शब्दांनी उभी केली, याचं मला दर वेळी मनापासून आश्चर्य वाटतं.

एक सावधगिरी मात्र ठेवा. ऐकायला जवळचं वाटतं म्हणून 'विवाह' आणि 'विवेक' यांना या घरात आणू नका. विवाह म्हणजे वि आणि वह्, विवेक म्हणजे वि आणि विच्. त्यांचा जगण्याशी संबंध नाही. तसंच लॅटिनमधला प्रत्येक 'व' हा 'ज' होत नाही. व्हिडिओमधला 'व' आणि वेदातला 'व' एकच आहेत, कारण तो मुळातच 'व' होता.

लॅटिनचा जुना 'जिवट' हा अर्थ कोकणात आपल्या सगळ्यांच्या हातात कधी ना कधी आलेला आहे, फक्त आपण तसा वाचलेला नसतो. पावसाळ्यात ताप भरला की रक्त तपासतात आणि रिपोर्टवर मलेरियाच्या परजीवीचं नाव येतं, 'प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स'. हा तोच लॅटिन शब्द. १८९० साली ग्रासी आणि फेलेत्ती या इटालियन शास्त्रज्ञांनी हे नाव दिलं, कारण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशीच्या आत हा जंतू फार चळवळ करताना दिसतो. म्हणजे नाव ठेवताना त्यांच्या मनात 'चळवळ्या' हा अर्थ होता. पण पुढे कळलं, की या जातीचा जंतू यकृतात निजून राहतो आणि ताप गेल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी पुन्हा उठतो. म्हणूनच व्हायव्हॅक्स निघाला की रक्तातला जंतू मारण्याच्या औषधाबरोबर यकृतातल्यासाठी चौदा दिवसांच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या देतात. (त्या डॉक्टरला विचारूनच घ्यायच्या, काही जणांना चालत नाहीत. आणि चार दिवसांत बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत.) नाव ठेवणाऱ्यांना यकृतातल्या या मुक्कामाची कल्पना नव्हती, तरी लॅटिन शब्दाचे दोन्ही अर्थ, चळवळ्या आणि जीव न सोडणारा, त्याला बसले.

फ्रेंचमध्ये हा जुना अर्थ आजही बागकामात टिकून आहे. दर वर्षी पुन्हा फुटणाऱ्या, अनेक वर्षं जगणाऱ्या झाडांना फ्रेंच माळी 'व्हिव्हास' म्हणतात. आपल्याकडची फोडशी ही रानभाजी घ्या. उन्हाळ्यात वर काहीच दिसत नाही, जमिनीखाली मुळ्या राहतात, आणि पहिल्या पावसाने सड्यावर, रानात पानं वर येतात. फ्रेंच माळ्याने तिला व्हिव्हासच म्हटलं असतं. इटालियनमध्ये मात्र याच शब्दाची दुसरी बाजू पुढे आली. पाश्चात्त्य संगीताच्या कागदावर 'व्हिव्हाचे' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ जलद आणि उत्फुल्ल गतीने वाजवा. एका लॅटिन शब्दाच्या दोन मुली, एक टिकण्याकडे गेली, एक उल्हासाकडे.

इंग्रजीत सुरुवातीला दोन्ही अर्थ शेजारी नांदत होते. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात या शब्दाला दीर्घायुषी हा अर्थ दिलेला आहे आणि उल्हसित, चळवळ्या हाही दिलेला आहे. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी वाचकाला व्हिव्हेशस म्हातारा म्हणजे चिरंजीव म्हातारा वाटू शकला असता. पुढे दीर्घायुष्याचा अर्थ मागे पडला. माझ्या मते कारण साधं आहे. दीर्घायुषी सांगायला इंग्रजीकडे दुसरे सोपे शब्द होते, पण चेहऱ्यातून आणि बोलण्यातून दिसणाऱ्या जिवंतपणाला असा नेमका शब्द कमी होता. त्यामुळे शब्दाने आपलं काम निवडलं. ज्याच्यात जीव टिकून राहतो तो, इथून निघून ज्याच्यातला जीव दुसऱ्याला दिसतो तो, इथे येऊन पोचला. मराठीतच बोलायचं तर 'जिवट' पासून 'जिंदादिल' पर्यंत. हे दोन शब्द लक्षात ठेवलेत तर व्हिव्हेशसचा सगळा प्रवास लक्षात राहील.

शेवटच्या तुकड्याबद्दलही सांगते, कारण त्याने परीक्षेला बसणाऱ्या मुलांना खूप फायदा होतो. लॅटिनचा 'आक्स' हा प्रत्यय क्रियापदाला लागला, की ती गोष्ट वारंवार किंवा भरपूर करण्याची सवय असणारा असा अर्थ होतो. आपल्याकडे हसणे वरून हसरा, बोलणे वरून बोलका, विसरणे वरून विसराळू, खाणे वरून खादाड होतं तसंच. इंग्रजीतले लोक्वेशस म्हणजे फार बोलणारा, व्होरेशस म्हणजे अधाशी, टेनेशस म्हणजे धरलेलं न सोडणारा, ऑडेशस म्हणजे धाडस करणारा, मेंडेशस म्हणजे खोटं बोलायची सवय असलेला. सगळे त्याच साच्यातले. नीट बघा, यांतल्या पुष्कळांना अतिरेकाचा वास आहे. व्हिव्हेशसमध्येही 'भरपूर' आहे, पण जगणं भरपूर असलं तर त्याची तक्रार कोण करणार? म्हणून या घराण्यात तो निखळ स्तुतीचा शब्द राहिला. एखाद्या पाहुण्याला बडबडीचा कंटाळा आला असता तर त्याने लोक्वेशस लिहिलं असतं. तुमच्या पाहुण्यांकडे तो शब्द हाताशी होता आणि त्यांनी तो घेतला नाही, हे काकींना आवर्जून सांगा.

शेजारच्या शब्दांशी गल्लत होऊ नये म्हणून थोडंसं. 'ॲनिमेटेड' हा चर्चेच्या किंवा बोलण्याच्या त्या वेळेपुरत्या रंगलेपणाला लागतो. एरवी शांत असलेला माणूसही मासळीच्या भावावर बोलताना ॲनिमेटेड होतो. व्हिव्हेशस हा स्वभाव आहे. 'एब्युलियंट' चं मूळ उकळण्यात आहे आणि त्याच्यात आनंद उतू जातो, बहुधा काही घडल्यामुळे. 'स्प्राइटली' हल्ली मुख्यतः वयाने मोठ्या माणसांना म्हणतात, वयाच्या मानाने चपळ या अर्थाने, आणि त्यात नकळत वयाची आठवण करून दिली जाते. 'एक्झ्युबरंट' सगळ्यांत मोठा आणि जोरकस. त्याच्या मुळाशी लॅटिन 'ऊबेर' म्हणजे गाईची कास आहे, संस्कृतातला 'ऊधस्' त्याचाच नातलग. कासेतून दूध वाहावं तसा भरभरून वाहणारा. शिमग्यात पालखी नाचवताना माणसं देहभान विसरतात, त्या गर्दीला मी एक्झ्युबरंट म्हणेन, व्हिव्हेशस कधीच म्हणणार नाही. अर्थकारणातही तो शब्द वापरला गेला आहे. ५ डिसेंबर १९९६ च्या भाषणात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी शेअरबाजाराच्या संदर्भात अविवेकी 'एक्झ्युबरन्स' हे शब्द वापरले आणि ते गाजले. बाजाराला व्हिव्हेशस म्हणता आलं नसतं. त्याला माणसाचा चेहरा लागतो.

आता एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, ती स्त्रियांबद्दलची. आजचे इंग्रजी कोशही या शब्दापुढे 'विशेषतः स्त्रीबद्दल' अशी नोंद करतात, आणि त्याच्या अर्थात आकर्षकपणा धरतात. घरगुती पाहुणचारात, ओळख करून देताना, आठवणीत लिहिताना तो सुंदर शब्द आहे. पण नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या शिफारसपत्रात मी तो मुलींसाठी लिहू देत नाही. शिफारसपत्रांचे मसुदे माझ्याकडे तपासायला येतात, त्यात कितीदा असं दिसतं, की मुलाबद्दल डायनॅमिक आणि कॅपेबल लिहिलेलं असतं आणि तितकंच काम करणाऱ्या मुलीबद्दल व्हिव्हेशस. वाचणाऱ्याला मुलाचं काम दिसतं आणि मुलीचा फक्त हसरा चेहरा. नर्सिंगला जाणारी मुलगी रात्रपाळीत किती खंबीरपणे उभी राहते हे लिहायचं सोडून ती किती प्रसन्न आहे हे लिहिलं, तर तिचं नुकसान होतं. अशा ठिकाणी काय केलं ते लिहा, आणि विशेषण लागलंच तर कामाचं लावा.

तुमच्या इंग्रजी पानाबद्दलही त्याच विचाराने सांगते. व्हिव्हेशस हा दुसऱ्याने तुमच्याबद्दल म्हणायचा शब्द आहे. 'आमच्या व्हिव्हेशस काकी तुमचं स्वागत करतील' असं तुम्हीच लिहिलंत, तर ते जाहिरातीसारखं वाटेल. येणाऱ्या माणसाने काकींकडून रोज करमणुकीची अपेक्षा धरावी, हेही बरं नाही. एखाद्या दिवशी काकी दमलेल्या असतील, त्यांना गप्प बसावंसं वाटेल, तो त्यांचा हक्क आहे. त्यापेक्षा त्या कुटुंबाचं वाक्य त्यांची परवानगी घेऊन अवतरणात जसंच्या तसं द्या. आणि तुमच्या बाजूने साधं, खरं लिहा. काकी स्वतः रांधतात, जेवताना पाहुण्यांसोबत बसतात, आणि मालवणी मसाला कसा करायचा हे विचारलं तर आवडीने सांगतात. वाचणाऱ्याला काकी कशा आहेत हे तेवढ्यावरून कळेल. काकींबद्दल काहीही छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा, हे सांगायला नकोच.

उच्चार राहिला. 'व्हि-व्हे-शस', जोर मधल्या 'व्हे' वर. काही जण पहिलं अक्षर 'व्हाय' असंही म्हणतात, ते चालतं. 'विवासियस' किंवा 'व्हिव्हॅशियस' मात्र नको. स्पेलिंग व्ही, आय, व्ही, ए, सी, आय, ओ, यू, एस. मुलं 'सी' च्या जागी 'टी' घालतात, कारण ॲम्बिशस आणि कॉशसमध्ये 'टी' आहे. व्हिव्हॅक्सच्या घराण्यातल्या शब्दांना, म्हणजे टेनेशस, लोक्वेशस, ऑडेशस यांना, 'सी' च असतो. नाम हवं असेल तर 'व्हिव्हॅसिटी', त्यातही 'सी'.

त्या कुटुंबाला उत्तर पाठवणार असाल तर विशेषणाला विशेषणाने उत्तर देऊ नका. काकींना तुमचं वाक्य मराठीत वाचून दाखवलं आणि त्यांना फार आनंद झाला, एवढं कळवा. पुढच्या वेळी ते आले तर काकींना काय रांधायचं आहे तेही काकींनाच विचारून लिहा.